मतपत्रिकेचा तळ कोरा सोडू नका: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतली सर्व महाराष्ट्र मंडळे

सस्नेह नमस्कार.

गणपती, दिवाळी, संक्रांत यांचे हॉल आपण वर्षभर आधी बुक करता. त्याच कॅलेंडरात आणखी एका बैठकीची तारीख घालावी, एवढीच आमची विनंती आहे. बैठकीचा विषय: आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती कसे निवडले जातात, कसे टिकतात आणि त्यात आपले मत नेमके कुठे लागते. ही बैठक ऑक्टोबरच्या शेवटी घेऊन उपयोग नाही, कारण बऱ्याच राज्यांत खरा निर्णय त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो.

भारतातून आलेल्या माणसाला न्यायमूर्तींसाठी मत द्यायचे हेच मुळी चमत्कारिक वाटते. तिकडे कॉलेजियम नावे सुचवते, राष्ट्रपती नेमणूक करतात, आणि उच्च न्यायालयात ६२ व सर्वोच्च न्यायालयात ६५ वर्षे झाली की निवृत्ती. त्यामुळे नागरिकत्व मिळाल्यावर हौसेने मतदानाला गेलेले आपले लोक राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, गव्हर्नर इथपर्यंत खुणा करतात आणि खाली अनोळखी न्यायाधीशांची नावे दिसली की हात आखडता घेतात. ‘माहीत नाही तर कशाला बोलावे’ हा त्यामागचा विचार सज्जनपणाचा आहे. पण कोरा रकाना तटस्थ नसतो, हे पुढे इलिनॉयच्या उदाहरणात दिसेल.

या न्यायालयांच्या हातात काय असते? घर, करार, घटस्फोट, मुलांचा ताबा, विमा, अपघात, शाळांचा निधी, बहुतेक सगळे फौजदारी गुन्हे. यातल्या राज्याच्या कायद्याच्या प्रश्नावर शेवटचा शब्द राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा असतो, वॉशिंग्टनमधल्या न्यायालयाचा नव्हे. २०१९ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या मतदारसंघांच्या वादातून अंग काढून घेतले आणि २०२२ मध्ये गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे सोपवला. तेव्हापासून तर ही न्यायालये थेट रणांगणात आली. नॉर्थ कॅरोलायनाचेच पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी मतदारसंघांचे नकाशे रद्द केले. नोव्हेंबरात दोन जागा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच खटल्यात उलटा निकाल दिला. राज्यघटनेचा कानामात्राही बदललेला नव्हता.

आता पद्धती. ढोबळमानाने चार आहेत, पण प्रत्येक राज्याने त्यात आपापली फोडणी घातली आहे. गव्हर्नर नेमतो आणि सिनेट किंवा दुसरी संस्था मान्यता देते, ही एक. कायदेमंडळच निवडते, ही दुसरी. ती फक्त व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनात उरली आहे. तिसरी थेट निवडणूक, कुठे पक्षाच्या चिन्हावर तर कुठे चिन्हाविना. चौथी मिसुरी पद्धत. मिसुरीने ती १९४० मध्ये घेतली. सात जणांचा आयोग बसतो: वकिलांनी निवडलेले तीन वकील, गव्हर्नरने नेमलेले तीन सामान्य नागरिक आणि एक न्यायमूर्ती. आयोग तीन नावे काढतो, गव्हर्नरने ६० दिवसांत त्यातले एक घ्यायचे; नाही घेतले तर आयोगच नेमणूक करतो. नेमणुकीला किमान एक वर्ष झाल्यावर येणाऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांना एकच प्रश्न: यांना ठेवायचे का? हो किंवा नाही. यालाच रिटेन्शन म्हणतात. ‘हो’ आले की बारा वर्षे.

पहिली नेमणूक आणि नंतरचे टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पेनसिल्व्हेनियात न्यायमूर्ती पक्षाच्या नावावर निवडून येतात, पण दहा वर्षांनी त्यांच्यासमोर कोणी प्रतिस्पर्धी नसतो, फक्त हो-नाही असते. इलिनॉयमध्येही तसेच. हवाईमध्ये मतदारांना विचारतच नाहीत. दहा वर्षे संपली की निवड आयोगच ठरवतो. मॅसॅच्युसेट्समध्ये एकदा नेमले की वयाच्या सत्तरीपर्यंत, आणि ऱ्होड आयलंडमध्ये तर आजन्म.

मंडळांची संख्या जिथे मोठी आहे त्या राज्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

न्यू जर्सीत मतपत्रिकेवर न्यायमूर्ती शोधू नका, सापडणार नाहीत. गव्हर्नर नाव देतो, सिनेट मान्यता देते, पहिली मुदत सात वर्षांची असते. पुन्हा नेमणूक झाली की सत्तरीपर्यंत. ही सातव्या वर्षीची फेरनेमणूक बराच काळ औपचारिकता मानली जात होती. २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांची फेरनेमणूक नाकारली आणि पुढे जागा भरण्यावरून सिनेटशी दीर्घ भांडण झाले. म्हणजे एडिसनसारख्या तिथल्या गावातल्या मतदाराचे मत न्यायमूर्तीपर्यंत पोहोचते ते गव्हर्नर आणि राज्य सिनेटर यांच्या मार्गाने, आणि तिथे या निवडणुका विषम वर्षांत होतात. संपूर्ण सिनेटची पुढची निवडणूक २०२७ ची. राज्य सिनेटर तुमच्या दिवाळीला येऊन दिवा लावतो, तेव्हा त्याला न्यायिक नेमणुकांबद्दल विचारायला हरकत नाही.

शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये सापळा आहे. मतपत्रिकेवर ‘सुप्रीम कोर्ट’ दिसते, पण ते तिथले खटले चालवणारे न्यायालय. राज्याचे सर्वोच्च न्यायालय म्हणजे ‘कोर्ट ऑफ अपील्स’. तिथली नावे बारा जणांचा आयोग सुचवतो, गव्हर्नर निवडतो, सिनेट मान्यता देते, मुदत चौदा वर्षे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिनेटने गव्हर्नरने पाठवलेले मुख्य न्यायाधीशपदाचे नाव, हेक्टर लसाल यांचे, फेटाळले. या पद्धतीत असे प्रथमच घडले.

कॅलिफोर्नियात गव्हर्नर नाव देण्याआधी वकिलांचा एक आयोग उमेदवाराची छाननी करून श्रेणी देतो. मग तीन जणांची समिती (राज्याचे मुख्य न्यायमूर्ती, अॅटर्नी जनरल आणि अपील न्यायालयांतले ज्येष्ठ पीठासीन न्यायाधीश) शिक्कामोर्तब करते. मतदारांसमोर हो-नाही येते ते फक्त गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर, म्हणजे २०२२, २०२६ अशा वर्षांत. अध्यक्षीय वर्षात नाही. १९८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड, क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन या तिघांना मतदारांनी घरी पाठवले; प्रचाराचा रोख फाशीच्या शिक्षा रद्द करण्यावर होता. त्यानंतर तिथे सर्वोच्च न्यायालयातले कोणी हरलेले नाही, म्हणून बे एरियात या रकान्याकडे कोणी पाहत नाही.

इलिनॉयमध्ये ‘हो’ निम्म्याहून जास्त असून भागत नाही, ६० टक्के लागतात. २०२० मध्ये न्यायमूर्ती थॉमस किलब्राइड यांना निम्म्याहून जास्त मतदारांनी ‘हो’ म्हटले, तरी ते गेले, कारण साठीची रेषा गाठली नाही. टक्केवारी काढली जाते ती त्या प्रश्नावर पडलेल्या मतांवर. कोरा रकाना ना हो, ना नाही; तो मोजणीतच नसतो. नाराज माणूस न चुकता ‘नाही’वर खूण करतो आणि समाधानी माणूस रकाना सोडून देतो. शिकागोच्या कुक काउंटीत या प्रश्नाखाली खालच्या न्यायालयांतल्या डझनावारी न्यायाधीशांची नावे येतात, लोक कंटाळतात. तिथे घरूनच यादी करून नेणे हाच उपाय.

टेक्सासमध्ये सर्वोच्च न्यायालये दोन आहेत: दिवाणीसाठी ‘सुप्रीम कोर्ट’, फौजदारीसाठी ‘कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स’. दोन्हीकडे नऊ-नऊ जागा, सहा वर्षांची मुदत, पक्षाच्या नावावर निवडणूक. १९९४ नंतर राज्यभराच्या कोणत्याही पदावर डेमोक्रॅट निवडून आलेला नाही, त्यामुळे लढत ठरते ती सम वर्षांच्या मार्चमधल्या रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पूर्वनिवडणुकीत. मार्च २०२४ मध्ये फौजदारी न्यायालयातल्या शॅरन केलर, बार्बरा हर्वी आणि मिशेल स्लॉटर या तिघी विद्यमान न्यायाधीश आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत हरल्या. कारण? डिसेंबर २०२१ मध्ये त्या न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला होता की, अॅटर्नी जनरलला निवडणुकीसंबंधी खटले स्वतःच्या मर्जीने चालवता येत नाहीत. अॅटर्नी जनरल केन पॅक्सटन यांनी मग त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. डॅलस-ह्यूस्टनमधल्या ज्यांनी नोव्हेंबरची वाट पाहिली, त्यांना या प्रकरणात बोलायला जागाच उरली नाही. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी नसते. मार्चमध्ये केंद्रावर कोणती मतपत्रिका मागायची ते तुम्ही ठरवता, मात्र मे महिन्यातल्या रनऑफमध्ये (कोणालाच निम्म्याहून जास्त मते न मिळाल्यास होणाऱ्या दुसऱ्या फेरीत) पक्ष बदलता येत नाही. एका खुणेत सगळा पक्ष निवडण्याची सोयही २०२० पासून गेली, तेव्हा तळापर्यंत एकेक खूण करावीच लागते.

जॉर्जियात तारीख मे महिन्यातली. न्यायमूर्तींची लढत पक्षविरहित असते आणि प्रायमरीच्या दिवशीच निकाली निघते. पक्षाची मतपत्रिका नको असेल तर पक्षविरहित मतपत्रिका मागता येते, न्यायमूर्तींची नावे तिन्हींवर असतात. हे ठाऊक नसल्याने पुष्कळजण मेमध्ये घरीच बसतात. शिवाय मुदतीच्या मध्ये राजीनामा आला की गव्हर्नर नेमणूक करतो आणि निवडणूक पुढे ढकलली जाते. २०२० मध्ये न्यायमूर्ती कीथ ब्लॅकवेल यांनी नोव्हेंबरपासून लागू होणारा राजीनामा आधीच दिला, तेवढ्यावर मेमधली ठरलेली निवडणूक रद्द झाली आणि न्यायालयाने ते वैध ठरवले. निवडणुकीच्या राज्यांत ही वाट सर्रास आहे: मिनेसोटात कागदावर थेट निवडणूक आहे, प्रत्यक्षात बहुतेक न्यायमूर्ती आधी गव्हर्नरच्या नेमणुकीने येतात आणि मग मतपत्रिकेवर नावासमोर ‘विद्यमान’ असा शिक्का घेऊन उभे राहतात.

मिशिगनची गंमत वेगळी. उमेदवार ठरतात पक्षांच्या अधिवेशनांत, पण मतपत्रिकेवर नाव येते पक्षविरहित भागात. एका खुणेत पक्षाचे सगळे उमेदवार निवडले तरी ती खूण या भागाला लागू होत नाही. ओहायोने उलटी वाट धरली: २०२२ पासून नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरही न्यायमूर्तींच्या नावापुढे पक्ष छापला जातो.

नॉर्थ कॅरोलायनातल्या मंडळांनी मात्र हा परिच्छेद सभासदांना जसाच्या तसा पाठवावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती अॅलिसन रिग्ज ५५ लाखांहून अधिक मतांत ७३४ मतांनी जिंकल्या. हरलेले उमेदवार जेफरसन ग्रिफिन यांनी साठ हजारांहून जास्त मते बाद करण्याची मागणी केली. त्यातला मोठा गठ्ठा अशा मतदारांचा होता, ज्यांच्या नोंदीत ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे नव्हते. वाद मे २०२५ पर्यंत चालला आणि केंद्रीय न्यायालयाच्या आदेशाने रिग्ज यांचा विजय कायम झाला. अशा त्रुटीत मतदाराचा दोष असतोच असे नाही. दोन सरकारी नोंदींत नाव जुळले नाही तरी क्रमांक पडताळणीत नापास होतो. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मधले, दुसऱ्यावर नवऱ्याचे, तिसऱ्यावर मधले नावच नाही, माहेरचे आडनाव कुठेतरी शिल्लक, हे घरोघरी आहे. मतदार नोंदणी, लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी या तिन्हींवरचे नाव अक्षर न् अक्षर एक आहे का ते पाहा, आणि नोंदणीत क्रमांक आहे का हे काउंटीच्या कार्यालयात विचारून घ्या. निवडणूक मंडळाने २०२५ मध्ये अशा नोंदी दुरुस्त करण्याची मोहीमही काढली.

पैशाबद्दल. विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल २०२३ च्या एका जागेसाठी ५ कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. एप्रिल २०२५ मध्ये सुझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल यांच्या लढतीत तो १० कोटींच्या घरात गेला. तिथे एका व्यक्तीला उमेदवाराला २० हजार डॉलरच देता येतात, पण पक्षाला कितीही देता येतात आणि पक्ष ते उमेदवाराकडे वळवू शकतो. मर्यादा आहे आणि नाहीही. असा पैसा खटल्यात कसा उतरतो हे वेस्ट व्हर्जिनियाने दाखवले. मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरचा निवाडा झाला होता. अपील येऊ घातले असताना कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी २००४ मध्ये न्यायमूर्तीपदाचे उमेदवार ब्रेंट बेंजामिन यांच्या विजयासाठी सुमारे ३० लाख डॉलर ओतले. बेंजामिन यांनी खटल्यातून बाजूला होण्यास नकार दिला, आणि निवाडा ३ विरुद्ध २ असा उलटला. केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की, बेंजामिन यांनी बाजूला व्हायलाच हवे होते. तो टोकाचा मामला होता. नेहमीच्या देणग्यांच्या बाबतीत कधी बाजूला व्हायचे, हे अजूनही राज्याराज्यांच्या नियमांवर आणि बऱ्याचदा त्या न्यायमूर्तींच्याच मर्जीवर आहे.

मग आयोगाची पद्धत तरी स्वच्छ आहे का? आमचे मत: उघड पक्षीय निवडणुकीपेक्षा बरी, पण राजकारण तिथेही असते, ते आयोग कोण नेमतो या प्रश्नात जाऊन बसते. आयोवात २००९ मध्ये न्यायालयाने समलिंगी विवाहाला एकमताने मान्यता दिली आणि २०१० मध्ये मार्शा टर्नस, मायकेल स्ट्राइट, डेव्हिड बेकर हे तिघे रिटेन्शनमध्ये पडले. २०१९ मध्ये तिथे आयोगाचीच रचना बदलली: १७ पैकी ९ सदस्य गव्हर्नरचे. कॅन्ससचा इतिहास तर नाटकात शोभेल असा. प्रायमरीत हरलेले गव्हर्नर फ्रेड हॉल यांनी १९५७ च्या जानेवारीत, मुदत संपायच्या थोडे आधी, राजीनामा दिला; लेफ्टनंट गव्हर्नर अकरा दिवसांसाठी गव्हर्नर झाले आणि त्यांनी नुकत्याच मोकळ्या झालेल्या जागेवर हॉल यांनाच न्यायमूर्ती नेमले. या प्रकाराने चिडून लोकांनी १९५८ मध्ये आयोगाची पद्धत आणली. २०२५ मध्ये कायदेमंडळाने ती मोडून थेट निवडणूक आणण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२६ च्या मतपत्रिकेवर घातला. ओक्लाहोमात २०२४ मध्ये न्यायमूर्ती इव्हॉन कॉगर रिटेन्शनमध्ये हरल्या, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासात प्रथमच.

बैठकीत काय करावे याबद्दल. काउंटीच्या संकेतस्थळावरून त्या वर्षीची नमुना मतपत्रिका छापून प्रत्येकाच्या हातात द्या. पडद्यावर दाखवून भागत नाही, लोकांना स्वतःचा तळाचा रकाना शोधू द्या. कोलोरॅडो, अॅरिझोना, अलास्का, युटा या राज्यांत न्यायाधीशांच्या कामाचे अधिकृत मूल्यमापन प्रसिद्ध होते, ते आधी वाचा. इतरत्र बार असोसिएशनची मानांकने आणि न्यायिक शिस्त आयोगाने जाहीर केलेल्या कारवाया पाहा. उमेदवार बोलवला तर ‘अमुक खटल्यात काय निकाल द्याल’ असे विचारू नका. तसे वचन त्याने देणे आचारसंहितेत बसत नाही आणि दिलेच तर तोच त्याचा दोष. त्यापेक्षा विचारा: देणगीदार पक्षकार असेल तर बाजूला होण्याचा तुमचा नियम काय? निकाल किती महिने राखून ठेवता?

आपले मंडळ ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था म्हणून, नोंदलेले असेल, तर कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करता येत नाही. हे मासिकातल्या संपादकीयाला लागू आहे, मंचावरच्या सूत्रसंचालकाच्या शेऱ्यालाही, आणि मंडळाच्या अधिकृत व्हॉट्सअॅप गटावर अध्यक्षांनी टाकलेल्या निरोपालाही. रिटेन्शनमध्ये समोर प्रतिस्पर्धी नसला तरी ‘हो करा’ किंवा ‘नाही करा’ असे मंडळाच्या नावाने सांगू नका. एकाला बोलावले तर सगळ्यांना बोलवा, वेळ सारखी द्या, निमंत्रणाच्या प्रती जपून ठेवा. कॅन्सससारख्या घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मात्र उमेदवार नव्हे. त्यावर भूमिका घेणे लॉबिंगमध्ये मोडते आणि मर्यादित प्रमाणात चालते. हिशेबनीसांना आधी विचारा.

आपल्या सभेला ग्रीन कार्डवाले आणि एच-१बीवालेही येतात. त्यांनी ऐकावे, शिकावे, पण मतदार म्हणून नाव नोंदवू नये. लायसन्स काढताना खिडकीवर किंवा पडद्यावर नोंदणीचा प्रश्न येतो आणि माणूस घाईत ‘हो’ करून मोकळा होतो. नागरिक नसताना केलेली ही नोंद पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, क्वचित देशात राहण्याच्याच हक्कात आडवी येते. देणगीचा नियम निराळा: ग्रीन कार्डधारकाला उमेदवाराला देणगी देता येते, एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला राज्याच्या निवडणुकीतही देता येत नाही. सभागृहात डबा फिरवायचा विचार असेल तर तो तिथेच सोडून द्या.

शेवटची विनंती सेंट लुईस, कॅन्सस सिटी, डेन्व्हर, फिनिक्स इथल्या मंडळांना विशेष करून. निवड आयोगांत वकील नसलेल्यांसाठी राखीव जागा असतात. अॅरिझोनाच्या सोळा जणांच्या आयोगात तर दहा. या जागांसाठी कायद्याची पदवी लागत नाही. लागतो तो अर्जांचे गठ्ठे वाचण्याचा, उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचा आणि माहिती गुप्त ठेवण्याचा संयम. आपल्याकडे इंजिनिअर, डॉक्टर, लेखापाल, शिक्षक भरपूर आहेत. अर्ज गव्हर्नरच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर मंडळे व आयोग यांच्या विभागात असतात. कोणती जागा कधी रिकामी होणार हे तिथे पाहून, आपल्या सभासदांपैकी दोघा-तिघांना या वर्षीच अर्ज करायला सांगावे.

आपले,
अमेरिकेतल्या राज्य न्यायालयांत वकिली करणारे काही मराठी भाषक